गाडी किती अंतरात थांबते? सिम्युलेशन प्रोजेक्टबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अकरावी-बारावीचा प्रोजेक्ट, डिप्लोमाचं सबमिशन किंवा विज्ञान प्रदर्शन, काहीही असो, ‘गाडीचं थांबण्याचं अंतर’ हा विषय दरवर्षी कुणी ना कुणी घेतंच. घ्यावाच. लागणारं गणित नववीच्या पुस्तकातलं आहे आणि खर्च जवळपास शून्य. मुलांचे प्रश्न मात्र दरवर्षी तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच इथे लिहून ठेवतो आहे. सगळी उदाहरणं साध्या चारचाकी गाडीची आहेत. वेगळं सांगितलं नसेल तिथे प्रतिक्रिया काळ १ सेकंद, घर्षणांक (टायर आणि रस्ता यांच्यातल्या पकडीचं माप) ०.७ आणि गुरुत्व त्वरण ९.८ धरलं आहे.

थांबण्याचं अंतर नेमकं कुठून कुठपर्यंत मोजायचं?

ड्रायव्हरला अडथळा दिसला तिथपासून गाडी पूर्ण उभी राहिली तिथपर्यंत. याचे दोन भाग पडतात. ब्रेकवर पाय पडेपर्यंत गाडी त्याच वेगाने जात राहते, ते प्रतिक्रियेचं अंतर. ब्रेक लागल्यापासून पुढचं ते ब्रेकिंगचं अंतर. निम्म्या वह्यांमध्ये फक्त दुसरा भाग काढलेला असतो आणि नाव मात्र ‘थांबण्याचं अंतर’ दिलेलं असतं. परीक्षक पहिला प्रश्न तिथेच काढतात.

सूत्र तर एका ओळीचं आहे. मग सिम्युलेशन कशाला?

हा प्रश्न विचारलात तर प्रोजेक्ट चांगला होणार असं समजा.

सूत्र खरंच छोटं आहे: वेग गुणिले प्रतिक्रिया काळ, अधिक वेगाचा वर्ग भागिले (२ × घर्षणांक × ९.८). वेग मीटर प्रति सेकंदात घ्यायचा, म्हणजे किमी प्रति तासाला ३.६ ने भागायचं. उत्तरं अशी येतात:

ताशी ४० किमी: ११ + ९ = २० मीटर
ताशी ६० किमी: १७ + २० = ३७ मीटर
ताशी ८० किमी: २२ + ३६ = ५८ मीटर
ताशी १०० किमी: २८ + ५६ = ८४ मीटर
ताशी १२० किमी: ३३ + ८१ = ११४ मीटर

एवढ्यावर प्रोजेक्ट संपवता येतो आणि बरेच जण संपवतात. पण सूत्र फक्त शेवटचा आकडा देतं. अडथळ्यापाशी पोचताना गाडीचा वेग किती होता, हे त्यात दिसत नाही. अपघातात नेमकं तेच महत्त्वाचं.

दोन गाड्या शेजारी-शेजारी चालल्या आहेत असं धरा, एक ताशी ६० ने, दुसरी ८० ने. पुढे ३७ मीटरवर काहीतरी आडवं आलं. दोघांनाही ते एकाच क्षणी दिसलं, दोघांची प्रतिक्रियाही सारखीच. पहिली गाडी अडथळ्याला टेकता टेकता थांबते. दुसरीचा त्या जागी वेग किती असेल? वर्गात विचारलं की ‘२०’ असं उत्तर येतं, कारण फरक २० चाच आहे. सिम्युलेशनमध्ये त्या जागचा आकडा येतो ताशी ६१ किमीच्या वर. पहिल्या सेकंदात दुसरी गाडी २२ मीटर पुढे गेलेली असते, ब्रेकला उरतात जेमतेम १५ मीटर. म्हणजे ८० वाली गाडी आदळते तेव्हा पहिलीच्या मूळ वेगापेक्षाही जास्त वेगात असते.

हे कागदावरही काढता येतं, खोटं कशाला बोला. पण कागदावर हा प्रश्न सुचत नाही. वेग आणि अंतर यांचे दोन आलेख एकावर एक काढले की तो आपोआप समोर येतो. माझ्या मते या विषयात सिम्युलेशनचा खरा उपयोग इथे आहे. दुसरा उपयोग असा की प्रत्यक्षात मंदन, म्हणजे वेग कमी होण्याचा दर, स्थिर नसतं. ब्रेकचा दाब चढायला वेळ लागतो, मध्येच ओला पट्टा येतो, चढ-उतार बदलतो. अशा वेळी एका ओळीचं सूत्र चालत नाही, पायरी-पायरीने हिशेब करावा लागतो.

कुठलं सॉफ्टवेअर वापरू?

स्प्रेडशीट. एक्सेल, लिबरऑफिस कॅल्क, गूगल शीट्स, जे असेल ते. पायथन येत असेल तर उत्तम, पण फक्त छाप पाडायला शिकत बसू नका. आलेखात स्लायडर सरकवून दाखवायचे असतील तर जिओजेब्रा चांगलं. कोलोराडो विद्यापीठाची फेट सिम्युलेशन्स बल आणि घर्षण समजून घ्यायला छान आहेत, पण ती आधीच तयार असतात. आतलं गणित तुमचं नाही, त्यामुळे प्रोजेक्ट म्हणून ती पुरेशी नाहीत.

शीट कशी मांडायची?

वर एका बाजूला इनपुटचे सेल ठेवा: सुरुवातीचा वेग, प्रतिक्रिया काळ, घर्षणांक, रस्त्याचा उतार आणि वेळेची पायरी. आकडे कधीही सूत्रांच्या आत टाइप करू नका. नाहीतर घर्षणांक बदलायचा म्हटला की पाचशे ओळी शोधत बसाल.

खाली चार कॉलम: वेळ, मंदन, वेग, अंतर. पहिल्या ओळीत वेळ शून्य, वेग सुरुवातीचा, अंतर शून्य. मंदनाच्या कॉलममध्ये एक अट टाका: वेळ प्रतिक्रिया काळापेक्षा कमी असेल तर शून्य, नाहीतर घर्षणांक × ९.८. पुढच्या ओळीचा वेग म्हणजे आधीचा वेग वजा मंदन × पायरी. पुढचं अंतर म्हणजे आधीचं अंतर अधिक दोन्ही ओळींच्या वेगांची सरासरी × पायरी. इनपुटच्या सेलना डॉलर लावून लॉक करा आणि खाली ओढा. पायरी ०.०१ सेकंद घेतली तर ताशी १०० किमीच्या गाडीला पाचशेच्या आसपास ओळी लागतात, कारण ती गाडी थांबायला एकूण ५ सेकंद घेते.

माझी गाडी थांबते आणि मग मागे जायला लागते!

सगळ्यांचीच जाते. वेग शून्य झाला तरी तुमचं सूत्र मंदन वजा करतच राहतं, त्यामुळे वेग ऋण होतो आणि अंतर कमी व्हायला लागतं. खऱ्या ब्रेकचं घर्षण गतीला विरोध करतं, गाडीला मागे ढकलत नाही. वेगाच्या सूत्राला ‘शून्य आणि हे उत्तर यांतलं मोठं ते घे’ अशी अट घाला. ही अट का घातली ते वहीत दोन ओळींत लिहा. मार्क मिळतात.

वेळेची पायरी किती ठेवू?

अंतर काढताना सरासरी वेग न घेता आधीच्या ओळीचाच वेग घेतलात, तर प्रत्येक पायरीला अंतर थोडं जास्त मोजलं जातं. ताशी १०० किमीला ०.५ सेकंदाच्या पायरीने जवळपास ७ मीटर, ०.१ ने सुमारे १.४ मीटर, ०.०१ ने १४ सेंटिमीटर. पायरी निम्मी करा आणि उत्तर हलतं का बघा. हललं नाही तर पायरी पुरेशी बारीक आहे. सरासरी वेग वापरलात तर मंदन स्थिर असताना ही चूक जवळजवळ नाहीशी होते.

प्रतिक्रिया काळ मित्रांवर पट्टीने मोजला, ०.२ सेकंद आला. तोच टाकू?

नको. पट्टी पडताना पकडायचा प्रयोग चांगला आहे (२० सेंटिमीटर पडली म्हणजे ०.२ सेकंद), पण त्यात मुलगा पट्टीकडेच टक लावून बसलेला असतो, बोटं तयार असतात आणि करायचं एकच असतं. गाडी चालवताना आधी काहीतरी आडवं आलंय हे लक्षात यायला हवं. मग ते म्हैस आहे की सावली हे ठरवायचं, ब्रेक मारायचा की वळवायचं हे ठरवायचं, आणि मग पाय ॲक्सिलरेटरवरून उचलून ब्रेकवर न्यायचा. सावध ड्रायव्हरला यात १ सेकंदाच्या आसपास लागतो. अनपेक्षित प्रसंगात दीड सेकंद लागणं नवल नाही.

मोबाईलचा मुद्दा वेगळ्या इनपुटने दाखवा. २ सेकंद नजर स्क्रीनवर गेली तर ताशी ८० किमीला गाडी ४४ मीटर पुढे जाते, आणि प्रतिक्रिया काळ त्यानंतर सुरू होतो.

इथे आणखी एक गोष्ट सापडते. १ सेकंद आणि ०.७ घर्षणांक धरला तर ताशी साधारण ४९ किमीला दोन्ही अंतरं सारखी होतात. त्याखाली प्रतिक्रियेचं अंतर मोठं, त्यावर ब्रेकिंगचं. म्हणून शहरातल्या वेगाला ड्रायव्हरचं लक्ष जास्त महत्त्वाचं, आणि एक्सप्रेसवेवर टायर, रस्ता आणि मुख्य म्हणजे वेग.

घर्षणांक किती घ्यायचा?

कोरडं डांबर ०.७ ते ०.८, ओलं डांबर ०.४ ते ०.६, बर्फ ०.१ च्या आसपास. मधले आकडे टायर, रस्ता आणि पाण्याच्या थरावर अवलंबून असतात, म्हणून एक आकडा ‘बरोबर’ मानून चालू नका, पट्टा घ्या. ०.४ धरला तर ताशी १०० किमीचं एकूण अंतर ८४ वरून १२६ मीटर होतं.

गाडीचं वजन वाढलं की अंतर वाढतं ना?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि ‘नाही’ हे उत्तर कुणालाच पटत नाही.

वजन दुप्पट केलं की गतिज ऊर्जा दुप्पट होते, पण टायर आणि रस्ता यांच्यातलं घर्षणही दुप्पट होतं. समीकरणात दोन्हीकडचं वस्तुमान उडून जातं. शीटमध्ये वजनाचा सेल ठेवा, ८०० किलो टाका, २००० टाका, अंतर हलणार नाही.

मग भरलेला ट्रक लवकर का थांबत नाही? कारण ‘ब्रेक टायरला घर्षणाच्या मर्यादेपर्यंत नेऊ शकतात’ हे आपण गृहीत धरलंय. गाडी ओव्हरलोड असेल तर ब्रेकची ताकदच कमी पडते. ट्रकला एअर ब्रेक असतात, पाइपमधून हवेचा दाब पोचायला अर्ध्या सेकंदाच्या आसपास जातो. ताशी ८० किमीला तेवढ्यात ११ मीटर. ट्रकच्या टायरचं रबर टिकाऊपणासाठी बनवलेलं असतं, त्याची पकड कारच्या टायरपेक्षा कमी. आणि शेवटी उष्णता.

उष्णतेचा हिशेब जरूर करा. १२०० किलोची गाडी ताशी १०० वरून शून्यावर आली की सुमारे ४६० किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये जाते. तीच गाडी लोणावळ्याहून खोपोलीकडे घाट उतरताना उंचीत पाचशे मीटरहून जास्त खाली येते. फक्त ब्रेकवर उतरवली तर पाचशे मीटरला ५.९ मेगाज्यूल, म्हणजे ताशी १०० वरून बारा-तेरा वेळा करकचून थांबल्याएवढी ऊर्जा. तिथे १६ टनांचा ट्रक घाला, आकडा ७८ मेगाज्यूलवर जातो. ब्रेक तापले की पॅडची पकड सुटते, पाय दाबला तरी गाडी आवरत नाही. जुने ड्रायव्हर ‘चढायच्या गिअरमध्येच उतरा’ म्हणतात ते यासाठी. उतारावरची बरीचशी ऊर्जा इंजिन सोसतं.

म्हणजे सोप्या मॉडेलमध्ये वजनाचा परिणाम शून्य, आणि गृहीतकं एकेक करून काढली की तो परत येतो. वहीत हे दोन्ही लिहा.

घाटातला उतार कसा घालायचा?

घर्षणांकातून उतार वजा करा. ६ टक्के उतार म्हणजे ०.०६. चढ असेल तर मिळवा. एवढ्या छोट्या कोनाला साइन-कोसाइनची गरज नाही.

गंमत पुढे आहे. ताशी ६० किमीला कोरड्या रस्त्यावर हा उतार ब्रेकिंगचं अंतर २० वरून २२ मीटर करतो, म्हणजे ९ टक्के वाढ. ओल्या रस्त्यावर (०.४) तेच ३५ वरून ४२ वर जातं, १८ टक्के. उतार तोच, परिणाम दुप्पट, कारण वजा होणारे ०.०६ आता लहान आकड्यातून जातात. ‘एका वेळी एकच घटक बदला’ हा नियम सुरुवातीला पाळा, पण शेवटी दोन घटक एकत्र बदलून बघाच. पावसाळ्यातला घाट म्हणजे हेच दोन घटक एकत्र.

एबीएस (अँटी-लॉक ब्रेकिंग सिस्टिम) असलं की अंतर कमी होतं का?

पक्क्या रस्त्यावर बहुतेक वेळा हो. टायर थोडासा घसरत फिरत असतो तेव्हा पकड सर्वांत जास्त असते. चाक पूर्ण लॉक झालं की ती खाली येते. एबीएस चाकाला लॉक होऊ देत नाही. शीटमध्ये एबीएससह ०.८ आणि लॉक झालेल्या चाकाला ०.६५ असे दोन आकडे घेऊन तुलना करता येईल. खडी किंवा सैल मातीवर मात्र उलटंही होतं: लॉक झालेलं चाक पुढे मातीचा ढीग साठवतं आणि त्यावरच अडतं, एबीएस तो ढीग होऊ देत नाही.

एबीएसचा खरा फायदा स्टिअरिंगचा आहे, ब्रेक दाबलेला असतानाही गाडी वळते. तुमचं सिम्युलेशन एका सरळ रेषेतलं आहे, त्यात हा फायदा दिसणारच नाही. भारतात एप्रिल २०१९ पासून नव्या कारना एबीएस सक्तीचं आहे, तेव्हा ‘आमच्या गाडीला आहे का’ हा प्रश्न जुन्या गाड्यांपुरताच.

पावसात गाडी ‘तरंगते’ ते दाखवता येईल?

ढोबळपणे येईल. १९६० च्या दशकात नासाच्या संशोधकांनी विमानाच्या टायरवर प्रयोग करून एक सोपा नियम दिला: टायर पाण्यावर तरंगायला लागण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. दाब पीएसआयमध्ये (टायरमध्ये हवा भरताना वापरतात त्या एककात) आणि वेग ताशी किमीमध्ये घेतला तर गुणक साधारण १६.७. दाब ३३ असेल तर वेग ९६ च्या आसपास, २५ वर उतरला तर ८३. शीटमध्ये अट घाला: वेग यापेक्षा जास्त असेल तोवर घर्षणांक ०.१, खाली आला की ०.४. आलेखात सुरुवातीला वेग जवळजवळ सपाट राहतो आणि मग एकदम उतरायला लागतो. नियम साचलेल्या पाण्यासाठी आहे, नुसत्या ओल्या रस्त्यासाठी नाही. टायरच्या खाचा त्यात येत नाहीत, आणि खाचांचं काम तर पाणी बाहेर काढणं हेच. १.६ मिलिमीटरपेक्षा कमी खाच उरलेला टायर कायद्यानेही बाद.

हवेचा रोध धरायचा का?

नाही धरला तरी चालेल. ताशी १०० किमीला त्यामुळे सुमारे १ मीटर वाचतो. का सोडला ते लिहा.

इंटरनेटवर प्रत्येक तक्ता वेगळा आकडा देतो. खरा कुठला?

तक्त्याच्या पोटात कुठली गृहीतकं आहेत ते उलटं काढा, हा या प्रोजेक्टमधला माझा आवडता भाग. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये (वाहतूक नियमांच्या पुस्तिकेत) ताशी ७० मैल, म्हणजे ११३ किमी वेगाला २१ + ७५ = ९६ मीटर दिलंय. २१ मीटरला वेगाने भागा, प्रतिक्रिया काळ निघतो ०.६७ सेकंद. ७५ मीटरवरून घर्षणांक निघतो ०.६७ च्या आसपास. म्हणजे ड्रायव्हर तरतरीत, रस्ता कोरडा.

आता आपल्याकडे रस्ते आखणारे इंजिनिअर इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांचे मानक ठरवणाऱ्या संस्थेचे आकडे वापरतात: २.५ सेकंद आणि ताशी १०० किमीला घर्षणांक ०.३५. अंतर येतं सुमारे १८० मीटर. वेग कमी, अंतर जवळपास दुप्पट! दोन्ही आपापल्या जागी ठीक आहेत. पहिला तक्ता शिकाऊ चालकाला अंदाज यावा म्हणून. दुसरा, वळणावर किंवा चढाच्या टोकाला पुढचं किती दिसलं पाहिजे हे ठरवण्यासाठी, तेही थकलेल्या, म्हाताऱ्या, ओल्या रस्त्यावरच्या ड्रायव्हरला धरून.

रात्रीचं काही घालता येईल?

फार सोपं. डिपरवर (खाली झुकवलेल्या हेडलाइटवर) साधारण ५०-६० मीटर रस्ता नीट दिसतो. वरच्या यादीत ते अंतर कुठे ओलांडलं जातं बघा: कोरड्या रस्त्यावर ताशी ८० किमीलाच. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर कारला १०० आणि समृद्धीवर १२० ची मर्यादा आहे. कडेला दिवे न लावता उभा असलेला ट्रक त्या वेगात का चुकवता येत नाही, याचं उत्तर ११४ वजा ५५ या वजाबाकीत आहे.

रँडम आकडे वापरून हजार वेळा चालवलं तर प्रोजेक्ट भारी दिसेल का?

दिसेलही आणि असेलही, पण नीट करा. प्रतिक्रिया काळासाठी साधं नॉर्मल वितरण घेतलं तर मधूनच ऋण काळ येतो, म्हणजे अडथळा दिसायच्या आधीच ब्रेक! लॉगनॉर्मल घ्या, त्या वितरणात ऋण आकडा येतच नाही. निकाल सांगताना नुसती सरासरी देऊ नका. शंभरातल्या सर्वांत वाईट पाच वेळा अंतर किती आलं ते सांगा.

खऱ्या गाडीवर तपासून बघू का?

नाही. रस्त्यावर नाही, सोसायटीच्या आवारात नाही, बाबा शेजारी बसले असले तरी नाही. सायकल घ्या. शाळेचं मैदान रिकामं असताना चुन्याची रेघ मारा, रेघेवर ब्रेक दाबायचा, चाक थांबेल तिथपर्यंत टेपने मोजायचं. वेगासाठी बाजूने मोबाईलवर व्हिडिओ घ्या आणि ट्रॅकर नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फ्रेमगणिक जागा टिपा. त्यावरून मंदन काढा, ते शीटमध्ये टाका आणि वेगळ्या वेगाचा अंदाज आधी वहीत लिहून मग सायकल चालवा. अंदाज चुकला तर आकडे जुळवत बसू नका, चुकला तसाच लिहा.

तोंडी परीक्षेत काय विचारतात?

वेग दुप्पट केला तर अंतर किती पट? ‘चौपट’ म्हणून मोकळे होऊ नका. ब्रेकिंगचं चौपट, प्रतिक्रियेचं दुप्पट, एकूण मधलं काहीतरी: ताशी ६० वरून १२० वर जाताना ३७ चे ११४ होतात, म्हणजे तिपटीच्या थोडं वर. त्यानंतरचा प्रश्न बहुधा वजनाचाच असतो.